वेब सर्व्हर बसवलाच नाही, मग त्याचं खातं कुठून आलं?

देवरुखच्या एका शिक्षणसंस्थेत संगणक सांभाळणाऱ्या तरुणाचा प्रश्न आहे. नव्या मशीनवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं, एसएसएच (दुरून लॉगिन करायची सोय) सोडून काहीही बसवलं नाही, तरी ईटीसी फोल्डरमधली पासवर्ड फाइल उघडल्यावर आत वीसेक नावं सापडली. वेब सर्व्हरचं 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा', शिवाय न्यूज, यूयूसीपी, गेम्स, आयआरसी, बॅकअप. हे कोण लोक? जे सॉफ्टवेअर आपण बसवलेलंच नाही त्याचं खातं ऑपरेटिंग सिस्टिमने आधीच का करून ठेवावं? यात धोका नाही का? उडवून टाकू का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण कुणीतरी रात्री घाईत उडवून बसेल. नका उडवू. ही खाती तिथे असण्यात आज तुम्हाला धोका नाही. पण ती तिथे असावीत का, हा प्रश्न मात्र चांगला आहे आणि त्यावर माझं मत गेल्या काही वर्षांत बदललंय. कसं बदललं ते सांगतो. रत्नागिरीत बसून २२ वर्षं मी लोकांचे सर्व्हर सांभाळतोय: पतसंस्था, शाळा-कॉलेजं, आंबावाले, होमस्टेवाले. यातलं बहुतेक मोडल्यावरच शिकलोय.

आधी खातं म्हणजे काय ते नीट बघू. आपण 'रमेश'चं खातं म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर माणूस येतो, त्याचा पासवर्ड येतो, त्याचं लॉगिन येतं. कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, यातलं काहीच ठाऊक नसतं. त्याला फक्त नंबर कळतो, ज्याला आपण यूआयडी म्हणतो. कोकणातल्या माणसाला हे समजायला सातबारा पुरेसा आहे. जमिनीवर कुणाचं नाव कोरलेलं नसतं. असतो तो सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर, नाव असतं दप्तरात. पासवर्ड फाइल हे ते दप्तर. डिस्कवरच्या प्रत्येक फाइलवर मालकाचा नंबर असतो, आणि तुम्ही एलएस (फाइलींची यादी दाखवणारी आज्ञा) मारता तेव्हा दप्तर उघडून त्या नंबरापुढचं नाव तुम्हाला दाखवलं जातं, इतकंच. उद्या दप्तरात त्याच नंबरापुढे दुसऱ्याचं नाव लागलं, तर कलमं जागची न हलता बाग दुसऱ्याची होते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता तुम्हाला दिसलेली ती नावं. शॅडो फाइलमध्ये, जिथे पासवर्ड गुप्त रूपात ठेवतात, त्यांच्या पासवर्डच्या जागी नुसती फुली नाहीतर उद्गारचिन्ह आहे. म्हणजे कुठलाही पासवर्ड टाकला तरी तो जुळूच शकत नाही. शेलच्या (लॉगिननंतर आज्ञा घेणाऱ्या प्रोग्रामच्या) जागी 'नोलॉगिन' आहे, म्हणजे आत शिरायचा दरवाजाच नाही. (२०१५ साली डेबियन ८ आलं, त्याआधी यांतल्या बऱ्याच जणांना चालू शेल दिलेला असायचा. पासवर्ड नसल्याने तेव्हाही कुणी सहज शिरत नसे, पण ते दृश्य बघून माझ्याही पोटात गोळा यायचा.) आमच्याकडे गावात चाकरमान्यांची घरं असतात. वर्षभर कुलूप, गणपतीला उघडतात. तसली घरं समजा. कुलूप शाबूत असेल तर शेजाऱ्याला त्रास नाही.

मग प्रत्येक सेवेला वेगळं खातं लागतंच कशाला? सगळं रूटने, म्हणजे सर्वाधिकारी खात्याने, का चालवायचं नाही, हे बहुतेकांना माहीत असतं. १०२४ च्या खालचा पोर्ट (नेटवर्कवरचा सेवेचा दरवाजा) उघडायला परंपरेने रूट लागतो, म्हणून वेब सर्व्हर रूट म्हणून सुरू होतो, ८० नंबरचा पोर्ट पकडतो आणि लगेच खालच्या अधिकाराच्या खात्यात उतरतो. वेबसाइटच्या कोडमध्ये भोक असलं तरी आत येणाऱ्याला त्या खात्यापुरतीच मोकळीक मिळते. पोस्टग्रेस हा डेटाबेस तर रूट म्हणून चालायला सरळ नकार देतो. मला त्याचा तो ताठरपणा आवडतो.

जुन्या काळी याला एकच सोपं उत्तर होतं: 'नोबडी'. हे खातं मुळात नेटवर्कवरून फाइल वाटण्यासाठी निघालं. पलीकडच्या मशीनवरचा रूट इकडे आला तर त्याला रूट मानायचं नाही, 'कुणीच नाही' समजायचं. नंबर ६५५३४. त्याच्या मालकीचं काही असूच नये असा हेतू. पण लोकांनी काय केलं? वेब सर्व्हर नोबडी म्हणून चालवला, आणखी दोन-चार सेवा नोबडी म्हणून चालवल्या, मग त्यांच्या फाइलीही नोबडीच्या झाल्या. ज्याच्याकडे काहीच नसावं तो गावातला सगळ्यात मोठा खातेदार झाला. एका सेवेतून कुणी आत शिरला की त्याच नंबराने चालणाऱ्या बाकीच्या सेवा मारायला, त्यांच्यात डोकवायला तो मोकळा. त्यावर तोडगा म्हणून प्रत्येक सेवेला स्वतंत्र खातं ही रीत पडली, आणि त्यातूनच डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा आला. डेबियनवर त्याचा नंबर ३३. तुमच्या मशीनवर ३३, माझ्या मशीनवर ३३, उबंटूवरही ३३.

या ३३ ची किंमत मला जुलै २०२१ मध्ये कळली.

२२ जुलैला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं, ते सगळ्यांना आठवत असेल. माझ्या एका ग्राहक संस्थेचं कार्यालय तळमजल्यावर. सर्व्हर टेबलाखाली, म्हणजे पाणी येताच पहिला तोच गेला. नशिबाने बॅकअपची डिस्क वरच्या मजल्यावर कपाटात होती. रस्ता सुरू झाल्यावर त्यांचा माणूस ती डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून रत्नागिरीला घेऊन आला. चिखलाचा वास येत होता पिशवीला, डिस्क कोरडी होती. मी घरच्या एका मशीनवर नवं डेबियन टाकलं, तीच सॉफ्टवेअर बसवली आणि डिस्कवरून सगळं ओतलं. ओततानाही आरसिंकला (फाइली नकलणाऱ्या साधनाला) नंबर जसेच्या तसे ठेवायला सांगितले होते, कारण बॅकअप तसाच घेतला होता.

वेबसाइट लगेच उठली. संचालक मंडळाचे फोटो, अर्जाचे नमुने, सभासदांनी चढवलेली कागदपत्रं, सगळं जागच्या जागी. मी व्यवस्थापकांना कळवलं. पाच मिनिटांत त्यांचा फोन. "साहेब, अध्यक्ष दिसतायत, उपाध्यक्ष दिसतायत, पण ठेवी कुठे गेल्या?"

ठेवी पोस्टग्रेसमध्ये होत्या आणि पोस्टग्रेस सुरू व्हायला तयार नव्हता. डेटाच्या फोल्डरची मालकी चुकीची आहे, ज्याचं फोल्डर आहे त्यानेच मला सुरू करावं, असं तो सांगत होता. फोल्डरवर एलएस मारलं तर मालक म्हणून नाव आलं 'रेडिस', म्हणजे दुसऱ्याच एका सेवेचं.

मिनिटभर मला काहीच सुचेना. मग उजेड पडला. जुन्या मशीनवर सॉफ्टवेअर सात वर्षांत एकेक करून बसत गेलं होतं. पोस्टग्रेस आला तेव्हा त्याला ११४ नंबर मिळाला. नव्या मशीनवर मी सगळं एका दिवसात, वेगळ्या क्रमाने बसवलं. पोस्टग्रेसला आधीचा कुठलातरी नंबर मिळाला आणि ११४ वर जाऊन बसला रेडिस. डेबियनमध्ये ० ते ९९ हे नंबर प्रकल्पाने कायमचे वाटलेले आहेत, आणि १०० ते ९९९ हे जो येईल त्याला, येईल त्या क्रमाने. एसटीत रुमाल टाकून जागा धरतात तसं. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा पहिल्या गटातला, म्हणून वेबसाइट आपोआप उठली. पोस्टग्रेस दुसऱ्या गटातला, म्हणून अडला.

दुरुस्ती एका आज्ञेची. मालक बदलला, पोस्टग्रेस उठला, ठेवी दिसल्या. पण झोप लागली नाही ती दुसऱ्याच कारणाने. तेवढा अर्धा तास संस्थेच्या सगळ्या सभासदांची नोंदवही रेडिसच्या मालकीची होती, आणि रेडिस आम्ही फक्त तात्पुरत्या साठवणीला वापरायचो. त्याच्या सुरक्षेकडे मी कधी धड लक्षही दिलेलं नव्हतं. पोस्टग्रेस निदान ओरडला तरी. सगळी सॉफ्टवेअर ओरडत नाहीत.

तेव्हापासून मी बॅकअपसोबत पासवर्ड आणि ग्रुप फाइलची प्रत ठेवतो, वेगळी, कागदावर छापूनसुद्धा. आणि तेव्हापासूनच मी ठरलेल्या नंबरांच्या बाजूचा झालो. त्याआधी तुमच्यासारखाच मीही म्हणायचो, नसलेल्या सॉफ्टवेअरचं खातं हवंय कुणाला?

पण थांबा. ठरलेला नंबर हवा, म्हणजे आधीच तयार करून ठेवलेलं खातं हवं असं होत नाही. या दोन गोष्टी लोक एकत्र करतात आणि वाद तिथेच फसतो. नंबर राखून ठेवणं म्हणजे गावठाणात प्लॉट आखून ठेवणं. खातं काढणं म्हणजे त्यावर घर बांधणं. प्लॉट आखायला कुणाची हरकत नसावी. घर मात्र राहणारा आल्यावर बांधावं.

आणि असं करणारे आहेत. रेड हॅटच्या लिनक्स घराण्यात अपाची या वेब सर्व्हरचा नंबर ४८, पोस्टग्रेसचा २६, मायएसक्यूएलचा २७, हे यादीत ठरलेले आहेत, पण अपाची बसवल्याशिवाय पासवर्ड फाइलमध्ये 'अपाची' उगवत नाही. त्यामुळे रेड हॅटच्या कुठल्याही दोन मशीन घ्या, डेटाबेस इकडून तिकडे न्या, मालकी जुळते. फ्रीबीएसडी ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम 'पोर्ट्स'च्या झाडात (म्हणजे सॉफ्टवेअरच्या संग्रहात) एक यूआयडींची फाइल ठेवते आणि नवं सॉफ्टवेअर आलं की त्यात एक ओळ वाढते. पोस्टग्रेस तिथे ७७०. वेबचं खातं मात्र तिथेही मुळातच दिलेलं असतं आणि त्याचा नंबर ८०. एसएसएचचा २२, नेमसर्व्हरचा ५३. नेटवर्कच्या पोर्टचेच नंबर! ज्याने हे ठरवलं त्याच्या डोक्याला सलाम, पाठ करायला काही उरतच नाही.

खुद्द डेबियनकडेही हा मार्ग आहे. ६०००० ते ६४९९९ हा पट्टा त्यांनी त्यासाठीच राखलाय: नंबर प्रकल्पाने ठरवायचा, पण खातं पॅकेज बसल्यावरच काढायचं. फारच थोडी पॅकेजेस तो वापरतात. पोस्टग्रेससारखं, ज्याच्या पोटात लोकांचा जन्माचा डेटा असतो असं सॉफ्टवेअर तिथे का नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

विंडोजची आम्ही लिनक्सवाले थट्टा करतो, पण या एका बाबतीत त्यांनी मजा केलीय. तिथे प्रत्येक सेवेला मिळणारी ओळख सेवेच्या नावावरूनच गणिताने काढतात. नाव मोठ्या अक्षरांत लिहून त्याचा हॅश (मजकुरावरून गणिताने निघणारा ठरावीक आकडा) काढायचा, झाली ओळख तयार. यादी नको, वाटप नको, भांडण नको. तेच नाव असेल तर जगातल्या कुठल्याही मशीनवर तीच ओळख. आपल्याकडे नंबर लहान असल्यामुळे हे तसंच्या तसं जमत नाही, दोन नावं एकाच नंबरावर आदळण्याची भीती राहते.

बरं, आधीच काढून ठेवलेल्या खात्यांनी प्रत्यक्षात नुकसान होतं का? होतं. पण तुम्हाला वाटतंय त्या वाटेने नाही. माझ्या बघण्यातले दोन प्रकार सांगतो.

पहिला प्रकार दापोलीकडचा. एका कार्यालयातल्या ऑपरेटरला रोजच्या बॅकअपसाठी खातं हवं होतं. नाव काय सुचणार? 'बॅकअप'. यूजरअ‍ॅड मारलं तर उत्तर आलं, हे खातं आधीच आहे. खरंच आहे, डेबियनमध्ये ३४ नंबरवर जन्मापासून आहे. त्याला वाटलं आधीच्या माणसाने काढलं असेल. त्याने त्यालाच पासवर्ड लावला, शेल बदलून चालू शेल दिला आणि काम सुरू. पासवर्ड काय ठेवला असेल ते तुम्हीच ओळखा, शेवटी १२३ होतं. एसएसएच बाहेरच्या जगाला उघडं होतं. कुठल्याही सर्व्हरची लॉगिनची नोंदवही उघडून बघा, दिवसभर बॉट दारं ठोठावत असतात, आणि ठोठावताना हीच नावं घेतात: रूट, अ‍ॅडमिन, टेस्ट, ओरॅकल, पोस्टग्रेस, बॅकअप. तीन दिवसांत ते मशीन दुसऱ्यांसाठी स्पॅम पाठवत होतं. चाकरमान्याच्या बंद घराचं कुलूप काढलं आपल्याच माणसाने, चोराने नव्हे.

ओपनबीएसडीने यावर फार साधा उपाय केलाय. सेवांच्या बहुतेक खात्यांच्या नावाआधी अंडरस्कोअर. मॅकनेही १०.५ पासून तेच उचललं. माणूस आपलं नाव अंडरस्कोअरने सुरू करत नाही, त्यामुळे माणसाची खाती आणि सेवांची खाती एकमेकांत मिसळत नाहीत. डेबियनची काही नवी पॅकेजेस तसं करतात. जुनी नावं बदलायची हिंमत कुणात नाही आणि ते समजण्यासारखं आहे, हजारो स्क्रिप्टा मोडतील.

दुसरा प्रकार माझा स्वतःचा, आणि हा सांगायला जरा लाज वाटते. एका सर्व्हरवर मी अकरा जणांच्या वेबसाइट ठेवल्या होत्या. आंब्याची पेटी घरपोच देणारे चार, बाकी होमस्टे आणि एक शाळा. सगळ्या पीएचपीवर, सगळ्या डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच्या नावाने. का? तर ते खातं तिथे होतंच. वेगळं काढायला कशाला बसू? शिवाय कोड अपडेट करायला सोपं पडावं म्हणून सगळ्या फाइलीही त्याच्याच मालकीच्या करून ठेवल्या. एप्रिलच्या ऐन हंगामात एका आंबेवाल्याच्या वर्डप्रेसमधल्या संपर्काच्या फॉर्मच्या जुन्या प्लगइनमधून कुणीतरी आत आलं. आत आल्यावर तो होता डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा. अकराच्या अकरा वेबसाइटचा मालक. सगळ्यांच्या डेटाबेसचे पासवर्ड त्याला वाचता आले, सगळ्यांच्या कोडमध्ये त्याला लिहिता आलं. शाळेच्या पानावर औषधांच्या जाहिराती लागल्या. मुख्याध्यापकांनी फोन करून जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

बघा, नोबडीचंच नाटक पुन्हा झालं, पात्राचं नाव तेवढं बदललं. आयत्या मिळालेल्या खात्याचा खरा तोटा हा आहे. ते असुरक्षित नसतं, ते सोयीचं असतं. हाताशी तयार खातं असलं की माणूस नवं काढत नाही. मशीनवर वेबचं खातंच नसतं, तर पहिली वेबसाइट चढवताना मला थांबून विचार करावा लागला असता, की हिचा मालक कोण? मग दुसरीचा कोण, हा प्रश्नही आपोआप पडला असता. आता माझ्याकडे प्रत्येक वेबसाइटला स्वतःचं खातं आहे, पीएचपीचा स्वतंत्र पूल (प्रक्रियांचा गट) त्या खात्याने चालतो, कोडचा मालक तिसराच असतो आणि वेब सर्व्हरला लिहायची परवानगी फक्त फोटो चढवण्याच्या फोल्डरपुरती. हे तुम्हीही करा. सगळं ७७७ (सगळ्यांना सगळ्या परवानग्या) करून मोकळं होण्याची सवय असेल तर ती आधी सोडा.

म्हणून माझं मत आता असं आहे: ऑपरेटिंग सिस्टिमने नावं आणि नंबर राखून ठेवावेत, जरा सढळ हाताने ठेवावेत, पण खातं सॉफ्टवेअर आल्यावरच काढावं. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा रिकाम्या मशीनवर असण्याचं मला तरी आज कारण दिसत नाही, सवयीशिवाय. गेम्स, न्यूज, यूयूसीपी यांचं तर सोडाच. यूयूसीपी म्हणजे मोडेम रात्री फोन लावून एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर पत्रं पोचवायचा, तो काळ. डेबियन हळूहळू हे आवरतंय. बग नोंदवण्याच्या जुन्या यंत्रणेचं 'नॅट्स' नावाचं खातं ४१ नंबरवर वर्षानुवर्षं पडून होतं, ते २०२३ च्या डेबियन १२ पासून नव्या मशीनवर येत नाही.

कुणी म्हणेल की आता कंटेनर (सेवा बंद डब्यात वेगळी चालवण्याची सोय) आले, सिस्टमडीची (लिनक्समध्ये सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेची) डायनॅमिक खाती आली, हा वाद जुना झाला. अर्धंच खरं आहे. सिस्टमडीत २०१६ पासून अशी सोय आहे की सेवा सुरू होताना तिला ६११८४ ते ६५५१९ मधला एक नंबर तात्पुरता द्यायचा आणि सेवा थांबली की परत घ्यायचा. ज्या सेवेला डिस्कवर काही साठवायचं नाही तिच्यासाठी उत्तम. पण जिच्या पोटात दोनशे जीबीचा डेटाबेस आहे तिला रोज नवा नंबर देऊन कसं चालेल? कंटेनरचं म्हणाल, तर पोस्टग्रेसच्या अधिकृत इमेजमध्ये (कंटेनरच्या तयार साच्यात) त्याचा नंबर ९९९ आणि तीच इमेज अल्पाइन या छोट्या लिनक्सवरची घेतली तर ७०. परवाच एकाने जागा वाचवायला अल्पाइनवाली घेतली, जुना डेटा तिला जोडला आणि चिपळूणचाच खेळ पुन्हा. वर बाहेरच्या मशीनवरून बघितलं तर ९९९ च्या जागी भलत्याच सेवेचं नाव दिसतं. ते चूक समजून कुणीतरी मालकी 'दुरुस्त' करतो आणि डेटाबेस पाडतो. त्या दिवशी फोन मला येतो. अँड्रॉइडवाल्यांनी हे सगळ्यात स्वच्छ केलंय, १०००० पासून पुढे प्रत्येक अ‍ॅपला बसवताना स्वतःचा नंबर. पण तिथे अ‍ॅपचा डेटा नंबरासकट दुसऱ्या फोनवर उचलून न्यायची वेळ कुणावर येत नाही.

एक गोष्ट वेगळी करून सांगायला हवी, कारण प्रश्नाखाली बऱ्याच जणांच्या मनात तीच असणार. ठरलेलं खातं आणि ठरलेला पासवर्ड या वेगळ्या गोष्टी आहेत. वर जे बोललो ते कुलूपबंद खात्यांबद्दल. नाव आणि पासवर्ड दोन्ही कारखान्यातून ठरवून येतात त्याला मात्र कसलाच बचाव नाही. २०१६ च्या मिराई बॉटनेटने कॅमेऱ्यांचे रेकॉर्डर आणि राउटर असे साठेक ठरलेल्या नाव-पासवर्डांच्या जोड्या वापरूनच लाखोंनी ताब्यात घेतले होते. रास्पबेरी पायने 'पाय' हे खातं आणि त्याचा जगजाहीर पासवर्ड एप्रिल २०२२ मध्ये काढून टाकला. मायएसक्यूएल ५.७ च्या आधी रूटचा पासवर्ड कोरा आणि वर एक निनावी खातं, असं बसायचं. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून घरगुती स्मार्ट उपकरणांना असा सरसकट ठरलेला पासवर्ड देण्यावर कायद्याने बंदी आहे. इकडे गणपतीपुळ्यापासून तारकर्लीपर्यंत किती होमस्टेंच्या राउटरवर अजून अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन चालतं, ते मला विचारू नका. मी ग्राहकाकडे पाहुणचाराचं सरबत येईपर्यंत तेवढं बदलून टाकतो.

आता तुमच्या मशीनकडे. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा उडवलात आणि उद्या अपाची बसवलात, तर डेबियनचं अपाची ते खातं स्वतः काढत नाही. ते असणारच असं धरून चालतं, आणि नाव सापडत नाही म्हणून सुरू होत नाही. शिवाय मूळ खात्यांची काळजी घेणारं पॅकेज पुढच्या अपडेटला ते परत काढायला निघेल. बाकीची खाती तशी रिकामीच आहेत, पण एक सवय म्हणून सांगतो: सेवेचं खातं, खासकरून १०० च्या पुढचं, सहसा उडवू नये. सॉफ्टवेअर गेलं तरी त्याच्या फाइली कुठे कुठे उरतात, आणि तो नंबर उद्या नव्याला मिळाला की त्या फाइली त्याच्या. सातबाऱ्याचं म्हटलं ना, तेच.

त्याऐवजी दहा मिनिटं काढून एवढं बघा. शून्य नंबर रूटशिवाय आणखी कुणाला आहे का? असेल तर तो प्रश्न गंभीर आहे, बाकी सगळं सोडून आधी त्याच्या मागे लागा. शॅडोमध्ये ज्यांच्यापुढे खरा पासवर्ड आहे ती नावं किती, आणि ती सगळी तुमच्या ओळखीची माणसं आहेत का? चालू शेल कुणाकुणाला आहे? पोस्टग्रेस बसवलात तर त्याला बॅश दिसेल, घाबरू नका, देखभालीसाठी तसा दिलेला असतो आणि पासवर्ड बंद असतो. त्याला पासवर्ड लावायचा मोह मात्र टाळा. एसएसएचमध्ये कोण येऊ शकेल याची नावं लिहून ठेवा आणि पासवर्डने येणं बंद करून किल्लीने येणं ठेवा. एवढं केलंत की गेम्स आणि न्यूज तिथे जन्मभर पडून राहिले तरी तुमचं काही बिघडत नाही.

तुम्ही शेवटी विचारलंय की संस्थेच्या हजेरीसाठी स्वतः लिहिलेली छोटी सेवा तीन मशीनवर चालवायची आहे, तिच्या खात्याला नंबर कुठला द्यावा. द्याच, सिस्टिमवर सोडू नका, आणि तिन्हीकडे एकच द्या. सिस्टमडीच्या सिसयूजर्समध्ये (खाती काढायच्या सोयीत) एक ओळ लिहिली की पॅकेज बसताना खातं त्याच नंबराने निघतं. नंबर निवडताना मात्र एक गंमत आहे: डेबियनचं अ‍ॅडयूजर १०० पासून वर चढत जातं आणि सिस्टमडी ९९९ पासून खाली उतरत येतं. दोघांची गाठ मध्ये कधी पडेल अशी शक्यता नाही. म्हणून मी माझ्या सगळ्या ग्राहकांकडे ६०० ते ६४९ हे नंबर आमच्यासाठी धरलेत. ६०० बॅकअपचा, ६०१ पावत्या छापणाऱ्या सेवेचा, असे. लाल कापडी बांधणीच्या लांबट चोपडीत लिहिलेत, आणि ती चोपडी वरच्या मजल्यावर ठेवतो.